लिंपण

वीस दिवस झाले, नदीकाठच्या खड्ड्यात चिखल आंबतोय.
भाताचा कोंडा, गोरखचिंचेची पूड, बानीचा काळा गाळ.
वास असा की परका माणूस नाक दाबतो
आणि आम्हांला भूक लागते,
कारण हा वास सणाचा.

जेनेच्या मोठ्या मशिदीपुढे आमची म्हणजे
हत्तीपुढे शेळी.
पण शेळीलाही दरसाल नवी कातडी लागते.
आज पहाटे इमामांनी दुआ लांबवली नाही.
सगळ्यांचं लक्ष दाराकडे. त्यांचंही.

खड्ड्यात आधी पोरं.
तुडवायला त्यांना शिकवावं लागत नाही,
थांबायला शिकवावं लागतं.
माझा बामोई सहा वर्षांचा, कमरेपर्यंत रुतलेला,
दातसुद्धा मातीचे. ओरडतो,
"आई, मी मशीद बनवतोय!"
त्याला वाटतं, ती पहिल्यांदाच बनतेय.

आम्ही बायका पाणी वाहतो.
नदी आटलेली, घागर बुडत नाही,
तुंब्यातुंब्याने भरायची.
सासूबाई गेल्या, त्यांची रांगेतली जागा यंदा माझी:
अगदी पुढची, जिथून गाणं उचलायचं.
माझा आवाज घोगरा.
तरी मागून चाळीस जणी आल्या
त्या घोगऱ्यावरच पाय ठेवत.

भिंतीतून ताडाचे वासे बाहेर डोकावतात
साळिंदराच्या काट्यांसारखे.
त्यांवर तरणे गवंडी, हातोहात टोपल्या,
वर, अजून वर.

नूहूमबाबा, माझे सासरे,
पंचेचाळीस वर्षं मधल्या मिनारावर चढले.
आता डोळ्यांवर साय धरलीये.
लोकांनी त्यांना सावलीत चटई दिली, खजूर दिले,
आणि मान दिला, ज्याचा त्यांना भारी राग.
घटकाभराने पाहते तर चटई रिकामी.
बाबा भिंतीपाशी, तळवा फिरवत,
गाभण गाईच्या पोटावरून फिरवावा तसा.
"इथं बोटभर पातळ. मागल्या साली कोणी घाई केली?"
वाशावरून एकोणीस वर्षांचा कोला म्हणाला,
"मी, बाबा."
"मीही केली होती. इथूनच दोन हात खाली.
तेव्हा तुझ्या बापालाही मिसरूड नव्हतं.
हं, लिंप."

तीन वर्षांमागे बामाकोहून सिदिकीने
सिमेंटची बारा पोती पाठवली होती.
चांगला मुलगा. चिठ्ठीत लिहिलं होतं,
एकदाच लावा, मग आयुष्यभर बघायला नको.
बैठक बसली. चहाच्या तीन फेऱ्या झाल्या.
शेवटी म्हातारी तेनिन म्हणाली,
"बरं. लावलं.
मग पुढच्या वर्षी या दिवशी आपण काय करायचं?"
कोणाला काही सुचेना.
त्या पोत्यांतून विहिरीचा कठडा झाला.
सिदिकी आला की त्यावरच बसतो.
आजही आलाय, शहरी विजार गुंडाळून,
टोपल्यांच्या रांगेत, सगळ्यांत हळू.

दुपार कलताना दाराशेजारी, अगदी खाली,
ओल्या गिलाव्यावर बामोईने पंजा उमटवला.
पाच बोटं, एक जरा तिरकं.
बाबांच्या हाताला ते सापडलं.
बराच वेळ तिथेच थांबला तो हात,
बोटात बोट बसवून.
मग त्यांनी मूठभर चिखल घेतला
आणि पंजा लिंपून टाकला.
बामोई रडकुंडीला आला.
"अरे, पुसला नाही," बाबा म्हणाले, "आत ठेवला.
माझाही आहे तिथं. जरा आतल्या बाजूला."
पोराने भिंतीला कान लावला, मग नाक.
पटलं की नाही, कळलं नाही.

सांजेला नदीवर सगळं गाव धुतलं गेलं.
बामोई माझ्या खांद्यावर झोपलाय.
त्याच्या कानामागे अजून थोडा चिखल आहे, वाळलेला.
राहू दे.
शुक्रवारी बघू.