एक, सहा, अकरा

मे महिना. मुलं घरी गेली आहेत.
मी, लॅपटॉप, आणि शिडी खांद्यावर घेऊन रामसनेही कुशवाह,
वसतिगृह क्रमांक चारच्या व्हरांड्यात
हवेत कोण किती बोलतंय ते मोजत फिरतो.

वॉर्डन खोतबाईंची तक्रार वर्षभर एकच:
काड्या सगळ्या भरलेल्या, आणि पान काही उघडत नाही.
खरं आहे बाई.
बावीस डबे, आणि कंपनीचा माणूस
सगळ्यांना सहा नंबर देऊन, पूर्ण जोर लावून गेला.
सगळ्यांना सगळं ऐकू येतं,
म्हणूनच तर प्रत्येक जण
दुसरा थांबायची वाट बघत बसतो.

म्हणायला चॅनल तेरा. कामाचे तीन.
एक, सहा, अकरा.
बाकीचे शेजाऱ्याच्या अंथरुणात पाय पसरणारे.
नकाशावर तीन रंगांच्या पेन्सिली घेऊन बसलो:
लालशेजारी लाल नको.
डोक्यावरही नको, हे कुशवाहनं सांगितलं,
स्लॅब शिडीनं ठोकून:
"साहब, आवाज़ ऊपर भी जाती है."

वरच्या पट्ट्यात जागा मोकळी आहे,
पण महाराजपुऱ्याकडचं रडार फिरतं,
आणि तिथला नियम असा
की तोंड उघडण्याआधी मिनिटभर नुसतं ऐकायचं,
रडार आलं की उठायचं,
अर्धा तास तिकडे फिरकायचं नाही.
कुशवाह म्हणाला, हा नियम आमच्या पंचायतीत पाहिजे.

खोली दोनशे सतरा. कपाटावर
कुणाचा तरी घरचा राउटर, विसरलेला, चालू.
तीन नंबरवर.
रिकामा दिसला म्हणून घेतला असेल बिचाऱ्यानं.
तीन म्हणजे एकच्याही कानाशी, सहाच्याही.
मी 'पंखा चालव' म्हणालो की
पुण्याची आत्येबहीण अजून हसते.
दौलतगंजात दुकानदार विचारतो,
आप महाराष्ट्र से हैं क्या?
पाच पिढ्या झाल्या इथे, तीन नंबरवर.

राउटर बंद केला. खाली चिठ्ठी ठेवली:
सहा वापर, किंवा अकरा. रागावू नकोस.

मग सगळ्यांचा आवाज उतरवला,
सात डब्यांचं तोंडच मिटलं.
कुशवाहला पटेना. गप्प करून कुठं बोलणं वाढतं?

संध्याकाळी खोतबाईंचा फोन.
पान उघडतंय का?
"उघडतंय हो, पटकन उघडतंय.
पण काड्या कमी झाल्यात.
त्या आधीसारख्या भरून द्या ना."