उरलेला दिवस

लष्करात, दौलतगंजात आमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान.
पाटीवर बाबांचं नाव : हनोख शमुवेल झिराडकर.
शनिवारी फळ्या लावलेल्या.
गिऱ्हाईक बाहेरून हाक मारी,
"अरे भाई, आज कौन सा त्योहार?"
आई आतून म्हणे, "शनीचर है."
तो कानाला हात लावून निघून जाई.
साडेसाती भोगणारं घर म्हणून
गल्लीत आमच्याशी कुणी भांडत नसे.

त्या थंडीत याकोब रणपिसे आले,
मिशन शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले.
गजकचा पुडा आईला दिला आणि वही उघडली.
वहीत पेन्सिलीनं काढलेले चंद्र, कलेकलेनं.
"हनोखभाऊ, शब्बाथ वाराचा नव्हताच.
चंद्रदर्शनापासून मोजा :
आठवा, पंधरावा, बाविसावा, एकोणतिसावा.
शास्त्रात बघा,
नवचंद्र आणि शब्बाथ एका श्वासात येतात."

बाबांच्या डोळ्याला भिंग तसंच होतं.
"आणि तिसावा?"
"तो धरायचा नाही."
"धरायचा नाही म्हणजे?"
रणपिसे मास्तर गजक चघळत राहिले.
घड्याळ पुरं जोडून झालं, टिकटिकू लागलं,
आणि ताटलीत एक स्क्रू उरलेला दिसावा
तसा बाबांचा चेहरा.

रात्री मफलर गुंडाळून ते
पंचांग मांडणाऱ्या विसूभाऊ टेंब्यांकडे गेले.
मी कंदील धरून मागे.
विसूभाऊंनी आकडेमोडीतून मान काढली नाही.
"चंद्राचं काय विचारतोस?
तिथी एकदा दोनदा येते, एकदा येतच नाही.
आमचे उपास त्यापायी आज की उद्या.
पण वाराला क्षय नाही, हनोख.
ग्रहण लागो, गादी जावो,
शनिवारामागून आइतवारच येतो."
मग चष्मा पुसत,
"फक्त तुझा शनिवार मावळतीला लागतो,
माझा उगवतीला.
मधल्या एका रात्रीपुरता आपला वाद."

परतताना किल्ल्यामागून चंद्र आला, कडा झिजलेला.
बाबा थांबले.
"हा तर चौथ्या दिवशी टांगला.
आधीचे तीन कुणी मोजले?"
मी म्हटलं, ज्यानं टांगला त्यानं.
ते हसले नाहीत.

खरं भय वेगळंच होतं. ते बाबांनी
पांघरुणात शिरल्यावर, दिवा मालवून सांगितलं.
नवगावच्या किनाऱ्यावर आपलं जहाज फुटलं म्हणतात.
पुस्तकं बुडाली, भाषा बुडाली,
एक प्रार्थना राहिली आणि एक शनिवार.
पण वाळूत बेशुद्ध पडलेली ती माणसं,
किती दिवस पडली होती?
जागं झाल्यावर पहिला शब्बाथ
त्यांनी कशावरून धरला?

अंधारात आई म्हणाली,
"कशावरून म्हणजे?
पाणी पाजायला कुणी आलं असेल ना,
कोळीण, आगरीण.
तिला विचारलं असेल, बाई, आज वार कोणता?"
कूस बदलून,
"घाणा घेतला तेव्हा तेल न्यायला येणाऱ्यांनाच
आपला शनिवार आपल्याहून पाठ झाला.
शनवारतेली हे नाव काय आपण ठेवलं?"

बाबा बराच वेळ गप्प.
भिंतीवरची दुरुस्तीला आलेली अकरा घड्याळं
अकरा वेळा दाखवत होती.

शुक्रवारी आईनं नेहमीसारखी
काचेच्या पेल्यात वात सोडली, तेल ओतलं,
मास्तरांची वही ट्रंकेत, गोधड्यांखाली ठेवली.
फेकली नाही.

मात्र पुढे वर्षानुवर्षं
चंद्राचा महिना तीस दिवसांचा निघाला
की त्या तिसाव्याला, वार कोणताही असो,
बाबा दुकानाच्या निम्म्याच फळ्या काढत.
गिऱ्हाईक विचारी, खुला है या बंद?
बाबा भिंग डोळ्याला लावत
आणि हातातलं घड्याळ
उघडून नुसतं बघत बसत.