मागून सांगणारं कुणी

काल चौकीपाशी शिपायानं हात केला:
बाई, मागचे दिवे गेलेत तुमचे.
म्हटलं, सकाळी तर होते.
तो म्हणाला, तुम्हाला कसं ठाऊक?

खरंच, मला कसं ठाऊक.
पाठीवरचा तीळ आणि गाडीचा मागचा दिवा,
दोन्हींची खबर दुसऱ्याच्याच तोंडून यायची.

आमच्या बेटावर हिवाळ्यात धुकं चारलाच उतरतं.
दाल्काउएच्या उतारावर सामन मासळीचे ट्रक
मागून असे येतात, जसं
गावानं दोर लावून ओढत नेलेलं लाकडी घर
मध्येच दोर तुटून सुटावं.
धुक्यात दिवा नसलेली गाडी म्हणजे रस्ताच.

तर आधी सोपं ते.
लाल काचेचे चार स्क्रू, त्यातला एक गंजून मुका.
आत बल्ब धडधाकट. दोन तारा, केसाएवढ्या:
एक रात्रभर जळायची, एक फक्त थांबताना.
ब्रेकच्या पायावर सरपणाचं लाकूड टेकवलं
आणि धावत मागे आले.
थांबायचा दिवा लागत होता, चांगला भडक.
म्हणजे मी थांबले की दिसते.
चालत असते तेव्हा नाही.
(सासूलाही मी तशीच दिसायची. बसले की.)

मग स्टिअरिंगखाली डोकं घातलं, मान अवघडली.
दहाचा फ्यूज, पोटातली तार तुटलेली.
नवा लावला, बटण फिरवलं.
टक्.
तोही गेला.
डब्यात आता एकच.

पहिला जळला तर नशीब म्हण, एर्सिरा,
दुसरा जळला तर कुणीतरी लपवतंय.
हे नोल्बेर्तोचं, माझ्या भावाचं.
तो मागे उभा राहायचा, हातात मातेचा भोपळा,
मी आतून ओरडायचे, लागला?
तो नळीतून एक लांब घोट घ्यायचा,
माझा जीव टांगून ठेवायचा,
मग म्हणायचा, लागला गं.
तीन हिवाळे झाले, तो रिओ गाय्येगोसला आहे,
मेंढ्यांची लोकर कातरतो.
फोनवर आवाज पाठवतो, त्यात निम्मा वारा असतो.

पोत्यावर पाठ टेकून गाडीखाली सरकले.
ओली खडी, मीठ, गेल्या साली सांडलेल्या बटाट्यांची माती.
तार धरून धरून मागे गेले,
जशी बहिरी माणसं भिंत धरत नाहीत,
आंधळी धरतात.
स्टेपनीच्या वर, नंबरप्लेटच्या आत
सापडली त्याची करामत:
समुद्रशेवाळाची गाडी मागे जोडायला
त्यानं एक फाटा काढला होता तारेला.
चिकटपट्टी सुटून लोंबत होती,
उघडं तांबं हिरवं पडून
चासीच्या पत्र्याला जाऊन भिडलेलं.
एवढंच. एवढंसं.

पीळ मात्र घट्ट होता अजून,
डावखुऱ्या हाताचा, उलटा,
त्याच्या होडीच्या गाठी असायच्या तसा.
तो सोडवून नीट करायला हवा होता, ठाऊक आहे मला.
सुरीनं हिरवं खरवडलं,
पिळाला हात लावला नाही.
वरून चिकटपट्टीचे तीन वेढे. मग अजून एक.

शेवटचा फ्यूज. बटण.
टक् झालं नाही.
काहीच झालं नाही. पुढे काचेवर धुकं तेवढं.
उतरून बघता आलं असतं, दिवे कुठे पळणार होते,
पण सवयीनं ओरडले,
लागला?

कुंपणापलीकडून खोकला आला.
डॉन बेलार्मिनो, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
चौऱ्याऐंशी वर्षांचे, कोंबड्या कोंडत होते.
लाल काहीतरी आहे बुवा, म्हणाले.
एक की दोन?
तुला किती हवेत?
दोन.
मग दोनच आहेत, ते म्हणाले,
आणि कुंपणाची फळी धरून तिथेच उभे राहिले
मी बटण बंद करेपर्यंत.
मी जरा उशिराच केलं.