पहिली फेरी, धोपावे

इंजिनावरचा बाक द्वारका खारविणीचा,
पौषात तिथं दुसरं कोणी बसायचं नाही.
खालून डिझेलची धग,
मांडीवर टोपली, बर्फाचं पाणी ठिबकतंय.

आता इंजिनच नाही. बॅटरी आहे,
गार, मुकी.
बाक तोच. द्वारका बसली,
उठली.
"गफूर, हिच्यात जीव नाय रे."

हीटर लावू? काटा बघतो:
अर्धा तास ऊब म्हणजे
संध्याकाळची एक फेरी कमी.
खिडक्या लावू? काचांवर दव,
आत बोंबील, विडी, खोबरेल,
शाळेच्या पोरांचा खोकला.

मग दापोलीची ती पोर, इंदुलेखा,
छताला एक पेटी बसवून गेली.
पत्र्याआड पातळ पत्रा.
बाहेर जाणारी हवा
आत येणारीला ऊब देते,
वास तेवढा घेऊन जाते.
दोघी एकमेकींना शिवतही नाहीत.

द्वारकेला म्हटलं, चूल विझली
की शेजारणीकडून इंगळ आणायचीस ना,
तसं. सगळ्यांचा श्वास जाताना
विस्तव ठेवून जातो.

"आन् त्या पोराचा खोकला?"
तो गेला खाडीवर.

बसली. धुक्यात दाभोळ दिसेना अजून.
हळूच फळीखाली हात घालून बघितला तिनं,
सवयीनं.