चौरंग क्रमांक सतरा

मॅनिटोबात जूनमध्ये कर्लिंगच्या रिंकवर बर्फ नसतो,
पण काँक्रीट हिवाळा विसरत नाही.
माझं टेबल नेमकं निळ्या वर्तुळाच्या मध्यावर आलं.
जानेवारीत घसरत येणारा दगड इथेच थांबावा
म्हणून सगळं गाव श्वास धरतं.
तिथे मी माझे लिनोछाप मांडले, तळपाय गारठलेले.

डावीकडे हिल्डा टोव्स. फळ्यांवर वचनं,
पांढऱ्यावर काळी, वळणदार,
टांगायला प्रत्येकीला सुतळीचा फास.
उजवीकडे क्लासन बंधूंचा मध.
माझ्याकडे पेत्राचा कोंबडा, आरवून झाल्यानंतरचा;
मार्थेचे हात, मनगटापर्यंत कणकेत;
आणि थोमाचं बोट. नुसतं बोट,
जखम कागदाबाहेर राहिलेली.

सकाळी उपासना झाली. गिटारवाला मुलगा म्हणाला,
निर्मिती हीच प्रार्थना.
सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही.
आत हिशेब चालू होता: टेबलाचे साठ डॉलर, पेट्रोलचे चाळीस,
जपानी कागदाचं तर विचारूच नका.
डोळे मिटून मी आठ छाप विकले.
उघडले तेव्हा शून्य.

प्रभूने मंदिरात चौरंग उलथले, कबुतरवाल्यांनाही सोडलं नाही.
त्यात असेल का कुणी एखादी
जिने आपली कबुतरं स्वतःच्या हाताने दाणे भरवून वाढवली होती?

बायका कोंबड्यापाशी थांबत.
"गोड आहे गं. खाली वचन नाही?"
"नाही."
"मग कळायचं कसं?"
"पेत्राला कळलं होतं," मी म्हणाले.
नको तितकं हुशार उत्तर.
ती मध घेऊन गेली.

दुपारपर्यंत हिल्डाच्या अकरा फळ्या खपल्या.
मत्सर हा शब्द मी वापरला नाही,
बाजाराचं निरीक्षण म्हणाले.
तेवढ्यात तिने आपल्या डब्यातली रूबार्बची वडी
माझ्यापुढे सरकवली, हे तर त्याहून वाईट.
"फळ्या माझा पोरगा कापतो," ती म्हणाली.
"दोन वर्षं झाली, गॅरेजबाहेर येत नाही.
अक्षरं माझी. सुतळी त्याची."
मी पुन्हा एकदा ते फास पाहिले.
सगळ्या गाठी एका मापाच्या.

चारच्या सुमारास एक म्हातारा आला, वॉल्टर पेनर.
उजव्या हाताची दोन बोटं बेलर यंत्रात गेलेली.
"कोणत्या थीसनांपैकी तू?"
"रोलंडच्या."
"हं." मग बराच वेळ थोमाकडे बघत राहिला.
"नख चुकलंय."
"म्हणजे?"
"जाळी ओढणाऱ्याचं नख एवढं शहाणं नसतं."
नख माझं होतं. हिवाळ्यात, स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली,
माझ्याच बोटाकडे बघून कोरलेलं.
"दुरुस्त केलंस तर घेईन."

लिनोत काढलेलं परत घालता येत नाही.
तरी मी गाडीतून ठसा आणला, पटाशी आणली,
आणि नखाचा कोपरा उडवला. मग एक चीर, तिरकी.
शाई लावली, कागद ठेवला,
हिल्डाच्या चमच्याने पाठ घासली.
वॉल्टरने कागद दिव्याकडे धरला.
हसला नाही.
पाच-पाचच्या नऊ नोटा मोजून ठेवल्या,
तीन बोटांनी, सावकाश.

मग टेबलावरचे बाकीचे थोमा
मला लबाड दिसायला लागले.
मी ते पालथे घातले. कुणी विचारलं नाही.

आवरताना हिल्डा कोंबड्यापाशी आली.
"हा दे. गॅरेजसाठी."
"तुझ्याकडे एवढी वचनं असताना?"
"वाचून वाचून थकलाय तो.
काही न बोलणारं असावं एखादं."
मी म्हटलं, असाच ने. तिने ऐकलं नाही.
फळ्यांच्याच गल्ल्यातून पैसे काढले.
मी घेतले.

घ्यायला नको होते, की घ्यायलाच हवे होते,
हे घरापर्यंतच्या रस्त्यात ठरलं नाही.
दोन्हीकडे मोहरी फुललेली.
मोजे घातले होते,
तरी पाय गारच.