बासन

सोलापूरचा एप्रिल. पंखा बंद,
कागद उडतात म्हणून.
श्रीशैल म्हेत्रे दप्तर सोडतो;
गाठ इतकी जुनी
की दात लावावा लागतो.

विडी कामगारांचे फंडाचे अर्ज.
तंबाखूचा वास
स्कॅनरला येत नाही.

नरसम्मा गुंडला, साखर पेठ.
सहीच्या जागी अंगठा, त्यावर आडवी चीर.
पडदा विचारतो जन्मतारीख.
अर्जात: 'गिरणीचा संप झाला
त्याच्या दुसऱ्या साली.'
चौकट लाल होते.
तो एक जानेवारी टाकतो.
सगळ्यांनाच टाकतो.

संध्याकाळपर्यंत चारशे बायका
एकाच दिवशी जन्मलेल्या.

रिकामी बासनं कोपऱ्यात.
शिपाई विचारतो, टाकू का?
एकाची घडी घालून
तो डब्याच्या पिशवीत ठेवतो.
कापड चांगलंय. इथल्याच मागावरचं.