एक पितळी पातेलं, जुनं

ऑड्रेनं, आमच्या सुनेनं, बोस्टनहून पाठवलाय
सतराशे एकोणीसच्या मृत्युपत्राचा फोटो:
"बाबा, तुम्हाला जुनं अक्षर लागतं ना?"
लागतं. एकतीस वर्षं मोतीमहालात
दरबारी रुमाल सोडून मोडीच वाचली.
ही इंग्रजांची मोडी म्हणायची, एवढंच.

तिला हवीय तिची नववी की दहावी पणजी,
थँकफुल. असंही नाव ठेवतात पोटच्या पोरीचं.
चर्चच्या वहीत ती फक्त जोसायाची बायको,
मग जोसायाची विधवा,
थडग्याच्या दगडावर पुन्हा जोसायाचीच.
बाप कोण, गाव कुठलं, पत्ता नाही.

लष्करात जानेवारी. जिन्सी नाल्यावर धुकं असं बसलंय
की गजकवाला म्हणजे नुसती आरोळी.
रजई पायांवर, भिंग हातात,
मी कुणा एझ्रा म्हाताऱ्याची मालमत्ता उतरवतोय:
दोन बैल. नांगराचा फाळ. पिसांची गादी, विटकी.
आणि खालून तिसऱ्या ओळीत, शाई फुटलेली,
"माझी मुलगी थँकफुल, जोसायाला दिलेली,
हिला एक पितळी पातेलं, जुनं."

सापडली! एकटाच ओरडलो खोलीत.

ऑड्रेचा लगेच फोन, आवाज भिजलेला.
मग म्हणाली, "आता तुमची बाजू.
आजींचं माहेरचं नाव काय?"

आई.
वडील गंगाधर, म्हणून ताटातल्या तांदळांत
अंगठीनं लिहिलं गेलं भागीरथी.
त्याआधीचं नाव तिनं कधी सांगितलं नाही,
किंवा आम्ही विचारलं नाही. दुसरंच खरं.
नाशिकच्या उपाध्यांच्या वहीतसुद्धा
भार्या गंगाधर, पुढं दक्षिणेचा आकडा.

एक हंडा होता पण. तांब्याचा, माहेरून आलेला,
गळ्याशी ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली ओळ,
चिंच लावून लावून झिजलेली.
मला आठवतं ते शेवटचं, "झाशी".
त्र्याऐंशी साली मीच तो सायकलला बांधून
नया बाजारात नेला, स्टीलच्या डब्यांसाठी.
आई दारापर्यंत आली होती.
पदराला हात पुसत उभी. बोलली नाही.
दुकानदारानं तागडीत टाकला:
चार किलो दोनशे,
ठिपक्यांसकट.

"बाबा, ऐकू येतंय?"
येतंय. लिही सध्या, झाशी.
"आणि नावाच्या जागी? रेघ मारू?"

नको, रेघ नको.
जागा सोड.